फक्की

जयेंद्र मढवी, जर्सी पंधरा, फुलबॅक.
दिवा गावचा, ऐरोलीचे सेक्टर जिथे संपतात तिथला.
बापाची होडी खाडीत,
आणि हा कॉलेजच्या मैदानात सगळ्यांच्या मागे एकटा उभा.
रग्बीत मागे उभं राहायलाही छाती लागते.
चेंडू आभाळातून येतो
आणि त्याच्या सावलीमागून
आठ-दहा जण तुला मोडायला.

सरावाला लाथ मी मारायचो.
मैदानावरून विजेच्या तारा जायच्या कळव्याकडे.
तारांच्या वर गेलेला चेंडू
क्षणभर कुणाचाच नसायचा.
जयू मान वर करून सरकायचा,
दोन पावलं डावीकडे, अर्धं मागे,
ओहोटीत बाप दोर धरतो तसा, न ओढता.
"हातानं झेलशील तं सांडंल," म्हणायचा,
"पोटाशी घे. जिता निवटा धरतान तसा."

मी वही ठेवली होती.
झेलले किती, सुटले किती, घेऊन पळाला किती मीटर.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
बाबा तुर्भ्याच्या मार्केटात पोती मोजायचे तशा.
पहिल्या वर्षी सुटलेले जास्त.
दुसऱ्या वर्षी पनवेलशी खेळताना दात पडला.
मॅच संपल्यावर सगळ्यांनी मुरूम चाळला.
दात सापडला,
पण तो त्याचा नव्हता.

तिसऱ्या वर्षी माझा खांदा निखळला
आणि सरांनी माझ्या हातात झेंडा दिला.
खेळता येत नाही तर रेषा तरी सांभाळ.

नेरूळ. फायनल. शेवटची सहा मिनिटं, तीन गुणांनी मागे.
त्यांनी उंच मारला.
जयूने पोटाशी घेतला आणि निघाला
माझ्याच बाजूने, रेषेला घासून.
पहिला आडवा झाला.
दुसऱ्याच्या बोटांत फक्त कॉलर आली.
मी बाहेरून त्याच्याबरोबर पळत होतो,
तोंडाने, शपथ सांगतो, त्याचंच नाव.
आणि अर्ध्यावर, अगदी माझ्या पुढ्यात,
त्याची डावी टाच.
पूर्ण पाय नव्हे, नुसती टाच.
फक्की उडाली,
कॅरमवर पावडर फुंकतात तेवढीच.

चांगल्या हाताने मी झेंडा वर केला.

शिट्टी वाजली. सगळे थांबले.
तो थांबला नाही.
कुणीच मागे नसताना उरलेलं अर्धं मैदान
तो तेवढ्याच जिवानिशी पळाला
आणि खांबांच्या मधोमध
भरला हंडा उतरवावा तसा
दोन्ही हातांनी चेंडू टेकवला.

तीन गुणांनीच हरलो.
बसमध्ये माझ्याशेजारी कुणी बसेना.
जयू आला, माझ्या हातातला अर्धा वडापाव तोडून घेतला,
खिडकीला डोकं लावून झोपला.
रात्री वही उघडली
तर त्या ओळीत काय लिहावं कळेना.
पन्नास मीटर? की शंभराला थोडं कमी?

पुढे काही झालं नाही.
जिल्ह्याच्या निवडीला गेला, राखीव यादीत राहिला,
मग यादीतही नाही.
महापेला गोदामात लागला, रात्रपाळी.
रविवारी गावातल्या पोरांना तारांखाली उभं करतो
आणि स्वतः लाथ मारतो. वाईट मारतो.

यंदा शिमग्याला गेलो होतो.
ओट्यावर जाळं शिवत बसला होता,
वर न बघता म्हणाला,
"मना दिसलता तुजा झेंडा."

अकरा वर्षांनी.

मग पळत का राहिलास?

त्याने दाताने दोरा तोडला,
त्या फटीच्या शेजारच्या दाताने.
"थवर तू मोजत व्हतास," म्हणाला.
"फुरं कोनच मोजत नव्हता."
आणि हसला, आणि आत बघून
बायकोला चहा टाकायला सांगितला.

वही आता माळ्यावरून खाली आलीय.
मुलगी पानं उलटते, रेघा मोजते,
त्या ओळीपाशी थांबून विचारते,
बाबा, इथे रिकामं आहे, मासा काढू?

नको, म्हणतो.
दुसऱ्या पानावर काढ.